स्क्वॉटर कबूतर

स्क्वॉटर कबूतर (शास्त्रीय नाव : जिओफॅप्स स्क्रिप्टा) ही ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागात आढळणारी, प्रामुख्याने जमिनीवर वावरणारी रानकबुतराची एक प्रजाती आहे. क्वीन्सलँड राज्यातील विरळ झाडीची कोरडी वने व गवताळ माळ हे तिचे मुख्य वसतिस्थान होय. न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागातही ती पूर्वी सर्रास दिसत असे. आता तेथून ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. कपोतकुलातील हा पक्षी चालणे, चरणे, घरटे करणे व धोक्याच्या वेळी लपणे ही आयुष्यातील बहुतेक कामे जमिनीवरच उरकतो. सवयींच्या दृष्टीने तो आपल्याकडील पारव्यापेक्षा तित्तराला अधिक जवळचा वाटतो, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज वसाहतकऱ्यांनीही त्याला आरंभी ‘तित्तर कबूतर’ अशाच अर्थाचे नाव दिले होते. हे नाव आज त्याच पोटजातीतील दुसऱ्या एका पक्ष्याला वापरले जात असल्याने जुने ग्रंथ वाचताना गोंधळ होण्याचा संभव असतो.

नाव

धोका जाणवताच हा पक्षी अंग चोरून जमिनीला चिकटून बसतो. इंग्रजीत अशा बसण्याला जो शब्द आहे, त्यावरून ‘स्क्वॉटर’ हे नाव पडले. मराठीत ‘बसकण मारणारे कबूतर’ असे म्हटले तर अर्थ नेमका उतरेल. तथापि मराठीत या पक्ष्याला रूढ नाव नसल्याने येथे मूळ नावच वापरले आहे.

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात ‘स्क्वॉटर’ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी परवानगीची वाट न पाहता मोकळ्या गवताळ प्रदेशात मेंढ्यांचे कळप घेऊन ठाण मांडणाऱ्या पशुपालकांना याच नावाने ओळखले जाई. पुढे हाच वर्ग त्या देशातील धनाढ्य जमीनदार बनला. पक्ष्याच्या नावाचा या लोकांशी व्युत्पत्तीच्या दृष्टीने संबंध नाही. परंतु ज्या मेंढपाळांच्या कळपांनी या कबुतराच्या दक्षिणेकडील वस्तीचे गवत संपवले, त्यांचेच नाव त्याच्या वाट्याला यावे, हा योगायोग विलक्षण आहे.

शास्त्रीय नावातील ‘जिओफॅप्स’ हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘भूमीवरचे कबूतर’ असा होतो. ‘स्क्रिप्टा’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘लिहिलेली’. चेहऱ्यावरील काळ्या-पांढऱ्या रेघा कोणी शाईने ओढल्यासारख्या दिसतात, त्यावरून हे विशेषण आले. डच पक्षिशास्त्रज्ञ कॉनराड टेमिंक यांनी १८२१ साली या प्रजातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. ‘जिओफॅप्स’ ही पोटजात जॉर्ज रॉबर्ट ग्रे यांनी १८४२ साली निश्चित केली.

वर्णन

हा मध्यम आकाराचा पक्षी असून त्याची लांबी सुमारे २६ ते ३२ सेंटिमीटर असते. बांधा आटोपशीर व गुबगुबीत, पाय आखूड पण बळकट. पाठ, मान व माथा मंद करड्या-तपकिरी रंगाचा असतो. पंखांवरील पिसांच्या कडा फिकट असल्यामुळे पाठीवर खवल्यांसारखी नक्षी दिसते. छातीचा खालचा भाग निळसर राखी असून दोन्ही बाजूंच्या कुशी पांढऱ्या असतात. समोरून पाहिल्यास हा पांढरा रंग इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा दिसतो. पंखांवर हिरवट-जांभळी झाक असलेला एक लहान चकाकता ठिपका असतो. पंख मिटलेला असताना तो सहसा लक्षात येत नाही. त्याच्या नात्यातील ‘कांस्यपंखी’ कबुतरांच्या पंखांवर ही चमक अधिक ठळक असते.

ओळखण्याची खरी खूण म्हणजे चेहरा. डोळ्याभोवतीची उघडी कातडी, तिच्या खालून गालावर व गळ्यावर उतरणारे काळे-पांढरे पट्टे आणि काळी चोच यांमुळे चेहऱ्याला मुखवट्याची कळा येते. नर व मादी दिसायला सारखेच असतात. पिल्लांचे रंग मंद व चेहऱ्यावरचे पट्टे अस्पष्ट असतात.

याच भागात शेंडीवाले कबूतरही सर्वत्र दिसते. परंतु त्याच्या डोक्यावर काळी उभी टोकदार शेंडी असते. स्क्वॉटर कबुतराला शेंडी नसते. चालताना सावध झाल्यास तो डोक्यावरची पिसे किंचित फुलवतो, एवढेच.

उपप्रजाती

या प्रजातीच्या दोन उपप्रजाती मानल्या जातात. दक्षिणेकडील उपप्रजाती आकाराने थोडी मोठी असून तिच्या डोळ्याभोवतीची कातडी निळसर राखी असते. उत्तरेकडील, म्हणजे केप यॉर्क द्वीपकल्पातील उपप्रजातीत ही कातडी पिवळसर नारिंगीपासून लालसर नारिंगीपर्यंत असते. बर्डेकिन व लिंड या नद्यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक हा साधारणपणे दोहोंमधील सीमाप्रदेश होय. तेथे दोन्ही रंगांचे पक्षी आढळतात व त्यांच्यात संकरही होतो.

उत्तर प्रदेश व किंबर्ली भागातील तित्तर कबुतरातही असाच प्रकार दिसतो. पूर्वेकडील पक्ष्यांचा चेहरा लाल, तर पश्चिमेकडील पक्ष्यांचा पिवळा असतो. येथे ‘उत्तर प्रदेश’ म्हणजे अर्थातच ऑस्ट्रेलियाचा नॉर्दर्न टेरिटरी हा प्रांत. जिओफॅप्स पोटजातीतील तिसरा पक्षी म्हणजे स्पिनिफेक्स कबूतर. तो तांबूस रंगाचा, लांब शेंडीचा व खडकाळ रखरखीत प्रदेशात राहणारा असल्याने इतर दोघांहून सहज वेगळा ओळखू येतो.

आढळ व अधिवास

दक्षिणेकडील उपप्रजाती ग्रेट डिव्हायडिंग रेंज या पर्वतरांगेच्या उतारांवर व तिच्या पश्चिमेच्या अंतर्भागात, साधारणतः चार्लव्हिल व लाँगरीच या गावांपर्यंत पसरलेली आहे. मध्य क्वीन्सलँडमध्ये काही ठिकाणी ती किनाऱ्याच्या जवळपासही आढळते. न्यू साउथ वेल्समध्ये पूर्वी ती दक्षिणेस डबोच्या परिसरापर्यंत होती. १९७० नंतर त्या राज्यातील नोंदी अत्यल्प असून त्या मुख्यतः इनव्हरेल व वॉरियाल्डा यांच्या आसपासच्या उत्तर भागातील आहेत.

निलगिरी, कोरिंबिया, बाभूळवर्गीय अकेशिया व कॅलिट्रिस जातीच्या सूचिपर्णी झाडांची विरळ वने या पक्ष्याला मानवतात. झाडे कोणती यापेक्षा जमीन कशी आहे हे त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. वाळूमिश्रित किंवा मुरमाड, पाणी झटकन निचरणारी जमीन त्याला लागते. तीवर गवताची बेटे असावीत, पण सलग गालिचा नसावा. अधूनमधून उघडी माती, पाचोळा व पडकी लाकडे असावीत. ऑस्ट्रेलियन शासनाच्या मार्गदर्शक कागदपत्रांत योग्य अधिवासाचे वर्णन करताना गवताचे आच्छादन जमिनीच्या सुमारे एकतृतीयांशापेक्षा कमी असावे, असे नमूद केलेले आहे.

या अटीमागील कारण साधे आहे. हा पक्षी पायी चरतो. आखूड पायांच्या पक्ष्याला दाट गवतातून वाट काढता येत नाही, गळून पडलेले बी दिसत नाही आणि दबकत येणारी मांजरही दिसत नाही. उलटपक्षी जमीन अगदीच उघडी पडली, तर बी मिळत नाही आणि लपायला आडोसा उरत नाही. गवत हवे, पण विरळ हवे. या दोन टोकांच्या मधल्या अवस्थेवर त्याचे सारे जीवन अवलंबून आहे.

दुसरी गरज पाण्याची. कोरडे बी खाणाऱ्या पक्ष्याला अन्नातून पाणी मिळत नाही, त्यामुळे त्याला रोज पाणी पिण्यास जावे लागते. हे कबूतर सहसा पाणवठ्यापासून तीन किलोमीटरच्या आत चरते, तर घरटी बहुधा कायम पाण्याच्या एक किलोमीटरच्या आत असतात. नदीनाले व डोह यांबरोबरच गुरांसाठी बांधलेल्या तळ्यांचाही तो उपयोग करतो. इतर कबुतरांप्रमाणे तो चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता सलग पाणी ओढून घेतो. शत्रू टपून बसण्याची शक्यता पाणवठ्यावर सर्वाधिक असते. तेथे घोट घोट घेऊन मान उंचावत राहण्यापेक्षा एका दमात पिऊन निघून जाणे सोयीचे ठरते.

वर्तन

स्क्वॉटर कबुतरे जोडीने किंवा लहान थव्यांनी राहतात. वीस-तीस पक्ष्यांचा थवा आज मोठा मानला जातो. जुन्या वर्णनांत याहून कितीतरी मोठ्या थव्यांचे उल्लेख येतात. ती कच्च्या रस्त्यांच्या कडेला, गुरांच्या गोठणांजवळ व मळ्यांतील घरांच्या अंगणातही निर्धास्तपणे चरताना दिसतात. धुळीत अंग घोळवण्याची त्यांना आवड असते.

माणूस जवळ आल्यास थवा आधी जागच्या जागी निश्चल होतो. मग एकेक पक्षी मान ताठ करून, नागमोडी धावत गवतात शिरतो किंवा जमिनीला चिकटून बसतो. रंगसंगतीमुळे तो मातीत इतका मिसळून जातो की अगदी पायाखाली येईपर्यंत ध्यानात येत नाही. अखेरच्या क्षणी पंखांचा मोठा फडफडाट करीत सारे पक्षी एकदम निरनिराळ्या दिशांना उडतात, थोडे अंतर तरंगत जातात व पुन्हा जमिनीवर किंवा जवळच्या झाडावर उतरतात. झाडाच्या आडव्या फांदीवर बसल्यावरही त्यांची सवय जात नाही. तेथेही ती फांदीच्या लांबीला समांतर होऊन अंग चोरून बसतात.

ससाण्यासारख्या आकाशातून येणाऱ्या शत्रूपुढे ही युक्ती उत्तम चालते. बंदुकीपुढे आणि वासावरून माग काढणाऱ्या कोल्ह्यापुढे मात्र ती आत्मघातकी ठरते, हे पुढील इतिहासावरून दिसून येईल.

आवाज हलका व घुमणारा असतो. चरताना थव्यातील पक्षी एकमेकांशी सतत पुटपुटल्यासारखे बोलत असतात.

आहार

गवत, लहान क्षुपे व द्विदल वनस्पती यांचे गळून पडलेले बी हा मुख्य आहार. जोडीला कीटकही खाल्ले जातात. हा पक्षी पायाने माती उकरत नाही. चोचीने पाचोळा बाजूला सारून बी टिपतो. त्यामुळे बी जमिनीवर उघडे पडलेले असणे आवश्यक ठरते.

प्रजनन

अन्न मुबलक असल्यास वर्षाच्या कोणत्याही काळात विणीला सुरुवात होऊ शकते, तरी बहुतेक घरटी पावसाळा सरल्यावर, कोरड्या ऋतूत आढळतात. पावसावर वाढलेले गवत त्या वेळी पिकून बी गळू लागलेले असते. घरटे म्हणजे गवताच्या ठोंबाखाली, झुडपाच्या आडोशाला किंवा पडलेल्या ओंडक्याशेजारी उकरलेला उथळ खळगा. त्यात थोडे वाळके गवत अंथरलेले असते. मादी साधारणपणे दोन मलईसारख्या पांढऱ्या रंगाची अंडी घालते. सुमारे सतरा दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. इतर कबुतरांप्रमाणे आईबाप आपल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून स्रवणारे पौष्टिक ‘कपोतदुग्ध’ पिल्लांना भरवतात. पिल्ले दोन ते तीन आठवडे घरट्यात राहतात व त्यानंतरही काही काळ आईबापांवर अवलंबून असतात.

जमिनीवर घरटे करण्याचे तोटे उघड आहेत. अंडी-पिल्ले गुरांच्या खुरांखाली तुडवली जातात, वणव्यात सापडतात आणि चारपायी शिकाऱ्यांच्या हाती लागतात.

इतिहासातील नोंदी

जर्मन संशोधक लुडविग लाइकहार्ट यांनी १८४४–४५ मध्ये डार्लिंग डाउन्सपासून उत्तर किनाऱ्यावरील पोर्ट एसिंग्टनपर्यंत खुष्कीने प्रवास केला. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवृत्तात या कबुतराच्या नोंदी असून तो विपुल असल्याचे त्यांनी म्हटले आहे. या तुकडीत जॉन गिल्बर्ट हे पक्षिसंग्राहकही होते. केप यॉर्क द्वीपकल्पात १८४५ च्या जूनमध्ये स्थानिक आदिवासींच्या हल्ल्यात ते मारले गेले. गिल्बर्ट ज्यांच्यासाठी नमुने गोळा करीत ते इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी आपल्या ग्रंथात या पक्ष्याच्या बसकण मारण्याच्या सवयीचे बारकाईने वर्णन केले आहे. खाण्याच्या दृष्टीने हा पक्षी उत्कृष्ट असल्याची शिफारसही त्यांनी केली आहे. त्या काळच्या पक्षिग्रंथांत निरीक्षण आणि पाककृती असे शेजारी नांदत, याचे आजच्या वाचकाला नवल वाटते.

ऱ्हास व त्याची कारणे

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध व विसाव्याचा पूर्वार्ध या काळात या प्रजातीचा दक्षिणेकडील प्रदेश झपाट्याने आक्रसला. कारणे एकात एक गुंतलेली आहेत. मेंढ्यांच्या अतिचराईने बहुवर्षायू गवताची बेटे संपली. १८५९ साली व्हिक्टोरियात शिकारीच्या हौसेखातर सोडलेले युरोपीय ससे काही दशकांत उत्तरेकडे पसरले व उरलेसुरले गवत त्यांनी फस्त केले. याच हौसेपायी आणलेले तांबडे कोल्हेही सशांच्या मागोमाग सरकत गेले. दबून बसणाऱ्या, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला या शिकाऱ्याचा पूर्वानुभव नव्हता. उष्ण कटिबंधातील उत्तर क्वीन्सलँडमध्ये कोल्ह्याचा फारसा शिरकाव झाला नाही, तेथे मेंढ्यांऐवजी प्रामुख्याने गुरे पाळली गेली, आणि तेथेच हे कबूतर आजही चांगल्या संख्येने टिकून आहे. यावरून कोल्हा, ससा व मेंढी या त्रिकुटाचा वाटा किती मोठा असावा याची कल्पना येते.

शेंडीवाल्या कबुतराची तुलना येथे बोधक ठरते. तोही बी खाणारा, तोही पाण्यावर अवलंबून. पण त्याचे घरटे झाडावर असते. शेती व गुरांची तळी वाढली तशी त्याची व्याप्ती वाढत गेली आणि आज तो शहरांच्या बागांतही दिसतो. एकाच बदलाने एका कबुतराची भरभराट झाली, तर दुसऱ्याची पीछेहाट.

पुढचा आघात जंगलतोडीचा. मध्य क्वीन्सलँडमधील ‘ब्रिगेलो पट्टा’ हा या पक्ष्याच्या प्रदेशाचा गाभा. १९६२ पासून शासनाच्या विकास योजनेखाली येथील विस्तीर्ण झाडोरा यंत्रांनी उपटून कुरणे तयार करण्यात आली. १९९९ साली राज्याने वनस्पती-व्यवस्थापन कायदा केला. २००४ च्या दुरुस्तीने मोठ्या प्रमाणावरील तोड २००६ अखेर थांबवण्याचे ठरले, २०१३ मध्ये निर्बंध सैल झाले आणि २०१८ मध्ये ते पुन्हा कडक करण्यात आले. सरकार बदलले की धोरण बदलते, आणि गवताचा माळ एकदा नांगरला की पुढील सरकार येईपर्यंत तो जसाच्या तसा थांबत नाही.

अंजन गवत

नवी कुरणे करताना जे गवत पेरले गेले, त्यांत मुख्य होते बफेल गवत. मराठी वाचकाला ते अपरिचित नाही. सेंक्रस सिलिॲरिस नावाचे हे गवत भारतात ‘अंजन’ म्हणून ओळखले जाते. आफ्रिका, पश्चिम आशिया व भारतातील कोरड्या प्रदेशांचे ते मूळ रहिवासी असून आपल्याकडे उत्तम चारा म्हणून त्याची लागवड केली जाते. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान व तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानातून गेलेल्या उंटवाल्यांच्या खोगिरांतील भुशाबरोबर ते ऑस्ट्रेलियात पोहोचले, असे सांगितले जाते. विसाव्या शतकात चाऱ्यासाठी ते हेतुतः पेरण्यात आले.

मायदेशी गुणी असलेले हे गवत तेथे मात्र दाट, सलग वाढते. बेटांमधील उघडी जमीन भरून जाते, स्थानिक गवते व त्यांचे विविध बी नाहीसे होते आणि वणवे अधिक तीव्र होतात. पशुपालकाच्या लेखी हिरवेगार झालेले असे कुरण स्क्वॉटर कबुतराच्या लेखी मात्र दुर्गम होते. या आक्रमणाचा बंदोबस्त कठीण आहे, कारण एकाच वनस्पतीला एक खाते आक्रमक तण म्हणते, तर दुसरे मोलाचा चारा.

संवर्धन

समग्र प्रजातीची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. उत्तरेकडील संख्या बऱ्यापैकी असल्यामुळे असे दिसते. दक्षिणेकडील उपप्रजातीला मात्र १९९९ च्या केंद्रीय पर्यावरण कायद्याखाली ‘असुरक्षित’ हा दर्जा आहे. क्वीन्सलँड राज्याच्या कायद्यातही ती संरक्षित आहे आणि न्यू साउथ वेल्समध्ये तिचा समावेश ‘अतिसंकटग्रस्त’ या गटात होतो. २००० सालच्या ऑस्ट्रेलियन पक्ष्यांच्या कृती आराखड्यात या उपप्रजातीच्या प्रजननक्षम पक्ष्यांची संख्या सुमारे ४०,००० अंदाजिली होती. हा आकडा दिलासादायक वाटतो खरा. पण त्यातील बहुतेक पक्षी प्रदेशाच्या उत्तर भागात एकवटलेले असून दक्षिणेकडील भाग जवळपास रिकामा आहे, हे आकड्यावरून कळत नाही.

‘असुरक्षित’ दर्जामुळे या पक्ष्याच्या अधिवासावर मोठा परिणाम करू शकणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाला केंद्र शासनाची तपासणी आवश्यक ठरते. मध्य क्वीन्सलँड हा कोळसा व नैसर्गिक वायूचा प्रदेश असल्याने खाणी, वाहिन्या, रेल्वेमार्ग व रस्ते यांच्या पर्यावरणीय अहवालांत या कबुतराचे नाव वारंवार येते. भारतीय उद्योगसमूह अदानी यांच्या गॅलिली खोऱ्यातील कारमायकेल कोळसा खाणीच्या मंजुरीतही काळ्या कंठाच्या फिंच पक्ष्याबरोबर दक्षिणी स्क्वॉटर कबुतरासाठी पर्यायी अधिवास राखून ठेवण्याची अट घालण्यात आली. या खाणीतून कोळशाची निर्यात २०२१ च्या अखेरीस सुरू झाली. खाणीवरील वादात फिंच पक्षी विरोधाचे प्रतीक बनला. कबूतर मात्र अहवालांच्या तक्त्यांतच राहिले.

‘एका ठिकाणचा अधिवास गमावल्यास दुसऱ्या ठिकाणचा राखायचा’ या भरपाईच्या तत्त्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. राखून ठेवलेल्या जमिनीवर पक्षी आधीच राहत असतील, तर एकूण अधिवासात भर पडत नाही, उणे मात्र होते. शिवाय या प्रजातीसाठी केवळ कुंपण घालून जमीन मोकळी सोडणे पुरेसे नसते. गुरे पूर्णपणे हटवल्यास, विशेषतः बफेल गवत असेल तेथे, गवत माजते; जास्त ठेवल्यास जमीन उघडी पडते. म्हणून मर्यादित व आलटूनपालटून चराई, लहान क्षेत्रांत टप्प्याटप्प्याने नियंत्रित आग, पाणवठ्यांजवळच्या घरट्यांच्या जागांपासून गुरे दूर ठेवणे आणि कोल्हे व रानटी मांजरांचे नियंत्रण हे उपाय सुचवले जातात. यांपैकी बरेचसे उपाय सरकारी अभयारण्यांपेक्षा खाजगी पशुपालकांच्या हाती आहेत, कारण या पक्ष्याचा मोठा प्रदेश आजही गुरांच्या मळ्यांचाच आहे. ज्या मळ्यांत गवत राखून गुरे चारली जातात, तेथे घराच्या अंगणापर्यंत येऊन चरणारे थवे अजूनही पाहावयास मिळतात.